माग चालतो, सतार चालत नाही

बेळगावच्या वडगावात राहून आवाजाची तक्रार कोण करेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. आमच्या गल्लीत दोन-चार घरं सोडून एक पॉवरलूम, रात्री उशिरापर्यंत खटाक खटाक, इथं वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकूसुद्धा येत नाही. मी उद्यमबागेतल्या फॅक्टरीत सेकंड शिफ्टला, घरी यायला साडेअकरा, जेवणखाण होईस्तोवर बारा, म्हणजे सतार काढायची ती तेव्हाच.

तर एका सकाळी नळावर शेजारच्या अक्कांनी गाठलं. "काय रे, रात्रीचं ते टुंग टुंग काय करायलायस?" मी म्हटलं, अक्का, तुमच्याच घरात दोन माग चालतात की ओ! "मागाचं राहू दे, ते एकसारखं चालतंय. तुजं मधीच थांबतंय, मग परत पहिल्यापासनं. आता पुढचं कधी येतंय म्हणून मी जागीच."

मी हसलो आणि विषय आवाजाचाच आहे असं धरून कामाला लागलो. आधी नखी (तार छेडायला बोटात घालतात ती) काढून नुसत्या बोटानं वाजवून बघितलं. आवाज निम्मा झाला, पण दोन आठवड्यांत उजवा हात बिघडला, 'दा' आणि 'रा' या दोन आघातांचा कोनच बदलला. नखी परत चढवली. मग आईच्या जुन्या सुती लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडली, चार पदरी घडी घालून घोडीला लागूनच तारांखाली सरकवली (जवारीवर, म्हणजे घोडीच्या तारा टेकतात त्या माथ्यावर, नाही हां, तिथं कापड घासायचं नाही), आणि दुसरी पट्टी तरफांवर, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांवर. माझ्या सतारीला १३ तरफा, आपण एक सूर वाजवला की त्या सुराची तरफ आपणहून गुणगुणते, दिवसा छान वाटतं पण रात्री तेवढंच भिंतीपलीकडं जातं. चिकारीच्या कडेच्या तारा तर रात्री बंदच, वरच्या सा चा आवाज सुईसारखा घुसतो.

आता आवाज किती, तर डब्यावर बोट वाजवल्यासारखा ठक ठक. पलटे (सुरांचे सराव), दिर दिर (जलद दा-रा), हाताची तयारी सगळं होतं. होत नाही ती मिंड, म्हणजे तार ओढून एका सुरावरनं दुसऱ्यावर सलग जाणं. कापडानं तारेची आस, म्हणजे मागं रेंगाळणारा नाद, तीच मरते, तार ओढून ग वरनं म वर गेलो तर पोचलो की अलीकडंच राहिलो ते कळायच्या आत सूर संपलेला. महिनाभर रात्री कापडावर मिंड घोटली आणि रविवारी पट्टी काढून वाजवली तर सगळी बेसूर, लाज वाटली. सतार जुनीच घेतलेली, पण मिरजेची आहे, तिथल्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मी फॅक्टरीत पेढे वाटलेत, आणि वाजवतो हे असलं. तेव्हापासून मिंड फक्त रविवारी सकाळी.

पण अक्कांचं म्हणणं तरी डोक्यातनं जाईना. एका रात्री मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. खरंच की! चार मात्रा वाजवतोय, चुकतोय, थांबतोय, परत पहिल्यापासनं. सलग दहा मिनिटं कुठंच नाही. मग लय निम्म्यावर आणली आणि ठरवलं, चूक झाली तरी हात थांबवायचा नाही. लयीला मेट्रोनोम अॅप कशाला, अक्कांचा माग आहेच की भिंतीपलीकडं, त्याच्या दोन ठोक्यांत एक 'दा'. सुरुवातीला फार चिडचिड झाली, चुकलेला सूर तसाच सोडून पुढं जायचं म्हणजे दातात अडकलेलं तसंच ठेवून जेवायचं. पण महिन्याभरात चुकाच कमी झाल्या. अक्का नळावर भेटतात, काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

परवा साडेबाराला करंट गेला. सगळ्या गल्लीतले माग एकदम गप्प, आणि त्या शांततेत माझा कापडातला 'दा' एवढा मोठा वाजला की मीच दचकलो. तारांवर पंजा ठेवून करंट यायची वाट बघत अंधारात बसून राहिलो.