हूं म्हणा की

लेकीला पहिली गोष्ट सांगितली ती मोबाईल हातात धरून, बोटानं वर सरकवत. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. मे महिना, लाईट गेलेली, आम्ही सगळे माळवदावर. पलीकडच्या बाजेवर मोठीमाय पडलेली. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. तिला झोप लागली असणार, असं मी धरून चाललो होतो. गोष्टीतली म्हातारी लेकीच्या घरी पोचायच्या आतच अंधारातून आवाज आला.

"वाचायलास का सांगायलास रे?"

"सांगायलोय की."

"मग तोंडावर उजेड कशाचा पडलाय?"

दुसऱ्या दिवशी मी तीच गोष्ट पाठ केली. हे तर त्याहून वाईट झालं. मधलं एक वाक्य निसटलं की मी मागं जायचो, "थांब थांब, आधी लांडगा भेटतो." लेक वय वर्षं सहा, पण हिशेबाला पक्की. "काल वाघ आधी होता," म्हणाली आणि कूस बदलली. ऑफिसात तासभर न थांबता बोलू शकणारा माणूस एका भोपळ्यानं गप्प केला.

मोठीमायला शाळा ठाऊक नाही. तिला विचारलं, तुझ्या ध्यानात कसं राहतं एवढं? ती तूर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "शेताला जाताना वाट पाठ करून जातूस का? वढा येतो, मग चिंच येती, मग आपला बांध." बास. तेव्हापासून मी गोष्टीचे शब्द सोडले आणि ओढा, चिंच, बांध तेवढं धरलं. म्हातारी कुठून निघाली, कुठं अडली, कशी सुटली. मधलं बोलणं आपोआप येतं, आणि रोज वेगळं येतं.

दुसरी गोष्ट हूंची. मोठीमाय सांगायला बसली की कुणीतरी हूं म्हणायलाच पाहिजे. हूं आलं नाही की ती तिथंच थांबते. राजाची राणी अर्ध्या जिन्यात उभी असली तरी थांबते. हे काम सोपं वाटतं, पण नाही. हूं लवकर आलं तर ऐकणाऱ्याला घाई झालीय, उशिरा आलं तर तो पेंगलाय, नुसतंच लांबलं तर त्याला शेवट आधीच कळलाय. हे सगळं तिला अंधारात समजतं आणि ती गोष्ट त्याप्रमाणं आवळते नाहीतर सैल सोडते. देवीच्या गोंधळातही हेच असतं. नाईक आख्यान लावतो आणि साथीदार मुद्दाम अडाण्यासारखा मध्येच विचारतो, "मग?" लहानपणी मला वाटायचं, या बाबाला खरंच काही कळत नाही.

दिवसा मात्र ती गोष्ट सांगत नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणे. मला चार मामा, सगळे आयुष्यभर वेळेवर आले, तेव्हा आमच्याकडं हा नियम कडक पाळला गेला असणार.

सांगणं थोडंफार जमायला लागलं तसा माल संपला. सहा वर्षांचं लेकरू दिवसाला एक गोष्ट खातं. पुस्तकं आणली, पण छापलेल्या गोष्टी फार सरळ बसलेल्या असतात, त्यांना हलवून जागं करावं लागतं. मग मी लोकांना विचारत सुटलो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात माणसं जमतात, कडब्याच्या कोपीत पूजा झालेली असते, भज्जी आणि आंबील पोटात गेलेली, सगळे सावलीला आडवे. यापेक्षा चांगली वेळ कुठली? मी वही काढली आणि म्हणालो, "एखादी गोष्ट सांगा." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "आपल्याला कुठं येती गोष्ट? ते पुस्तकातलं काम." एकानं तर हात जोडले.

वही खिशात घातली. थोड्या वेळानं सहज विचारलं, "त्या पडक्या बारवेला सुनेची बारव काहून म्हणतात?" झालं! तिघं एकदम उठून बसले. एक म्हणाला, बारवेला पाणी लागत नव्हतं, म्हणून पाटलानं थोरली सून दिली. दुसरा म्हणाला, थोरली कशाला, धाकटी, आणि दिली नाही, तीच खाली उतरली. तिसऱ्याचं म्हणणं असं, की सुनेनं सासूला ढकललं, पण गावाला ते बरं दिसेना म्हणून नाव फिरवलं. भांडण दिवस मावळेपर्यंत चाललं. मी फक्त हूं म्हणत होतो. गोष्ट मागितली की माणूस बुजतो, नावाचं कारण विचारलं की तिची माहेरची सगळी माणसं घेऊन बसतो.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात हेच केलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा ज्याला जशा आठवत होत्या तशा त्यांनी माणसांकडून गोळा केल्या, आणि काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं ही आपली गोष्ट त्या लीळाचरित्रात सापडते. सातशे वर्षं झाली, काऊचं घर अजून वाहूनच जातंय.

माझी हुकमाची गोष्ट मात्र पैठणच्या सातवाहनाची. ती 'कथासरित्सागर'मधली, अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं लिहिली, पण माणसं आपल्याकडची. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी म्हणाली, "मोदकैः." म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नव्हतं, त्यानं मोदक मागवले. राण्या हसल्या. राजा रुसून बसला, संस्कृत शिकायचंच म्हणाला. राजाचे दोन मंत्री. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. गुणाढ्य पैज हरला आणि पणाप्रमाणं संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडून रानात गेला. तिथं पैशाची, म्हणजे पिशाचांच्या, भाषेत सात वर्षं बसून त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती, स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य एकेक पान मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती बसली, ऐकता ऐकता रडली, वाळली. राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं, तो आजारी पडला, शोध घेतला तेव्हा कळलं. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले.

लेकीला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी संधी फोडून दाखवायला गेलो आणि ती झोपली. पण मोठीमाय जागी होती.

यंदाच्या दिवाळीत गेलो तर ओसरीवर पाच-सहा लेकरं, मध्ये मोठीमाय, गोष्ट पैठणची. मी दारात थांबलो. तिच्या राजाला संस्कृत नव्हे तर इंग्रजी येत नव्हतं. मांस तर तिनं काढूनच टाकलं होतं, गळ्यात माळ आहे तिच्या. तिच्या गोष्टीत गायी-शेळ्या ऐकत बसल्या, चरल्याच नाहीत, म्हणून दूध आटलं आणि राजाला कोरा चहा प्यावा लागला.

"तेव्हा चहा होता का?" माझ्या लेकीनं विचारलं.

"राजा हाय त्यो. त्याला नसंल?"

मी तोंड उघडणार होतो, पण लेकरं एका सुरात हूं म्हणाली आणि गोष्ट पुढं गेली. शेवटी पानं जळाली. लेक पुन्हा मध्येच, "मग त्या जळलेल्या गोष्टी गेल्या कुठं?"

"जातील कुठं? जनावरांनी ऐकल्या न्हाईत का?" मोठीमायनं अंगणात दावणीला बसलेल्या शेळीकडं हात केला. "ती बघ, काई खायला न्हाई तरी तोंड हलवायलीय. अजून सांगायलीय ती."