तुम्ही विचारलंत म्हणून: अळी मारणारा विषाणू पेशीला मरू का देत नाही?

कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून कीड-रोगावरचे प्रश्न माझ्याकडे येतातच. शेतकरी मेळाव्यात येतात, लग्नाच्या पंगतीतही येतात. त्यातला एक पुन्हा पुन्हा येतो. सगळ्यात रोखठोक विचारला तो माझ्या शिरोळच्या मामानं. "आरं, त्यो इषाणू अळी मारतोय म्हंतोस, आन् परत म्हंतोस पेशीला मरू देत न्हाई. मग खरं काय?"

मामा, दोन्ही खरं.

मामाच्या हरभऱ्यावर घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही या विषाणूची फवारणी होते, हेक्टरी 250 एलई (हे विषाणू मोजायचं माप). पाच-सहा दिवसांनी सकाळी रानात गेलं की शेंड्याला अळी उलटी लोंबताना दिसते. मागच्या पायांनी डहाळी धरलेली, अंग काळपट, ढिलं पडलेलं. काडीनं नुसतं टोचलं तरी कातडी फुटते आणि गढूळ पांढरट पाणी ओघळतं. त्याचा एक थेंब मी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर सगळीकडे चकचकीत कण, साखर सांडल्यासारखे. एकेक कण म्हणजे प्रथिनाची डबी आणि आत विषाणू भरलेले. एक एलई म्हणजे अशा 600 कोटी डब्या.

या डब्या तयार होतात अळीच्या पेशींच्या केंद्रकात, आणि त्यासाठी पेशी जिवंत लागते. सगळी गोम इथंच आहे.

आपल्यात कुणी शिरलंय हे कळलं की पेशीकडे एक शेवटचा उपाय उरतो, तो म्हणजे स्वतःला संपवणं. याला अॅपॉप्टोसिस म्हणतात. कॅस्पेज नावाची विकरं (एन्झाइम) पेशीत असतातच, पण गप्प. इशारा मिळाला की ती आतली प्रथिनं कात्रीसारखी कापत सुटतात आणि पेशी आक्रसून, अंगावर फुगे येऊन द्राक्षाच्या घडासारखी बारीक बारीक तुकड्यांत सुटते. एक पेशी गेली, पण तिच्यात चाललेलं विषाणूचं काम अर्ध्यावर थांबलं. शेजारच्या पेशी वाचण्याची आशा राहिली. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ज्या अळीला आपण पायाखाली चिरडतो, तिच्या अंगात इतकी शहाणी व्यवस्था असते.

विषाणू ही व्यवस्थाच बंद पाडतो. ते उघडकीला आलं 1991 मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात. रोली क्लेम, मार्कस फेखहायमर आणि लोइस मिलर यांच्याकडे याच कुळातल्या, लसूणघासावरच्या एका पतंगात सापडलेल्या विषाणूचा बिघडलेला वाण होता. तो त्यांनी लष्करी अळीच्या पेशींत सोडला. (हीच ती अमेरिकन लष्करी अळी, 2018 पासून आपल्या मक्यावर आलेली.) पेशी धडाधड फुटल्या. चांगल्या विषाणूनं मात्र त्या टिकत होत्या. फरक एका जनुकाचा होता, त्याचं नाव पी35.

ते काम कसं करतं हे मी कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळावर उभं राहून सांगतो. गुळाला मुंगळा कसा चिकटतो? तोंड रुतवतो आणि मग ओढला तरी सुटत नाही. पी35 हे प्रथिन कॅस्पेजपुढे स्वतःला गुळाच्या खड्यासारखं ठेवतं. कॅस्पेज ते कापतं, पण कापता कापता त्यालाच कायमचं जखडून बसतं. कात्री अडकली की पेशी संपायची थांबते. पुढे हेच जनुक माशीत आणि गोलकृमीत घालून पाहिलं, तर तिथंही पेशी मरायच्या थांबल्या. सफरचंदावरच्या अळीच्या विषाणूत 1993 मध्ये पेशीचं मरण रोखणाऱ्या जनुकांची आयएपी नावाची दुसरी जात सापडली, आणि तिची भावंडं माणसातही निघाली. कर्करोगावर काम करणारे आज त्यांच्या मागे आहेत.

जनुक नसलं तर विषाणूचं किती बिघडतं? लष्करी अळीत तो बिघडलेला वाण टोचला तेव्हा लागण करायला सुमारे हजारपट मात्रा लागली. कोबीवरच्या एका अळीत मात्र काहीच फरक पडला नाही, कारण तिच्या पेशी त्या विषाणूला तशी आत्महत्येनं दाद देतच नाहीत. म्हणजे ही लढाई प्रत्येक किडीत सारखी नसते.

मग अळी मरते कशी? विषाणूला हवी असते ती फक्त मुदत. पेशी भरून डब्या झाल्या की तोच स्वतःच्या विकरांनी अळीचं मांस आणि कातडीतलं कायटिन विरघळवतो, आणि डब्या पानांवर सांडतात. दुसरी अळी ते पान खाते. म्हणून फवारणी संध्याकाळी करायची, उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. आणि द्रावणात थोडा गूळ घालायचा, म्हणजे अळी पान आवडीनं खाते.

मामा आता शेंड्यावर लोंबणारी अळी कुणाला काढू देत नाही. भांगलायला आलेल्या बायकांना सांगतो, "ती ऱ्हाऊ द्या तशीच. तिला आजून फुटायचं हाय."