खोक्याची आगोट

कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ नावाचा व्हिडिओ गेम काढला, पण एवढं लांबलचक नाव आपल्याकडे कुणाच्या तोंडी बसलं नाही. पिवळ्या टोपीतला मुस्तफा धावत येऊन लाथ घालायचा, म्हणून गेमचं नाव मुस्तफा. आणि तो ज्यात चालायचा ते नाणं टाकून खेळायचं, माणसाएवढं लाकडी कपाट म्हणजे खोकं. एसटी स्टँडमागची पत्र्याची शेड असो नाहीतर जत्रेतला पाळणा, शेजारी दोन-तीन खोकी ओळीने मांडलेली. त्यातलं एखादं आज मालवण-देवगडकडच्या पडवीत नारळाच्या सोडणांच्या ढिगाआड सापडतं आणि सापडणाऱ्याला हुक्की येते, की हे पुन्हा होतं तसं करायचं.

होतं तसं म्हणजे कसं, हे आधी ठरवावं. जपानी कॅबिनेटचे फोटो समोर ठेवून घासायला बसलात तर फसगत आहे. हे खोकं तिकडून आलेलंच नसतं. इथल्याच कुणा सुताराने 18-19 मिलीमीटरचा प्लाय कापून ते ठोकलेलं, वरून सनमायका, आत घरच्या कलर टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि बोर्ड, म्हणजे गेमचं सर्किट, बहुधा नकली. तो नकली बोर्ड मात्र कचऱ्यात टाकू नये. अस्सल मुस्तफाच्या बोर्डावर एक बॅटरी असते. ती संपली की चिपमधल्या, गेम उघडणाऱ्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात आणि आवाज-चित्र दोन्ही बिघडतात. नकली बोर्डाला ती भानगडच नाही. चोराच्या घरी कुलूप नसावं, तसा तो तीस वर्षांनंतरही निवांत चालतो.

सापडल्याबरोबर प्लग लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. आधी मागची फळी काढायची. आत कुंभारमाशीची मातीची घरटी, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेल्या वायरी हा सगळा संसार असतो. तो ब्रशने आणि ब्लोअरने बाहेर काढायचा. पाणी मारायचं नाही.

लाकडाचं दुखणं नेहमी पायाशी. खाली तीन-चार इंचांपर्यंत प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले असतात, पापडासारखे. पुष्कळजण तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, वरून रंग मारतात आणि पुढच्या श्रावणात ती लांबी अख्खीच्या अख्खी गळून पडते. फुगलेल्या रेघेच्या वर दोन इंच चांगला भाग धरून सरळ कापावं. नवा तुकडा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या, मरीन प्लायचा घ्यावा. दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच घेऊन, एकावर एक बसवून, फेव्हिकॉल लावून 24 तास शिकंज्यात आवळून ठेवावं. हे काम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात फेव्हिकॉल पांढराच राहतो आणि सांधा वरून धरल्यासारखा वाटला तरी आतून ओला असतो. नव्या तुकड्याच्या खालच्या कडेलाच प्रायमर आणि रंगाचे दोन हात जास्त द्यावेत. पाणी तिथूनच चढतं, पण ती कड दिसत नाही म्हणून कोरीच राहते. शेवटी खाली रबरी पाय ठोकून खोकं जमिनीपासून दोन इंच उचलायचं.

आता पिक्चर ट्यूब. ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपीखाली जी तार जाते तिच्यात 20 ते 25 हजार व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरला जाड वायर जोडून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या विणलेल्या अर्थ-तारेला लावायचं. मग एक हात खिशात ठेवून टोक टोपीखाली सरकवायचं. टक् असा आवाज येतो किंवा येत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, कारण काचेतून भार थोडा परत वर येतो. ज्याने हे कधी पाहिलेलं नाही त्याने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाला बोलवावं. लाज वाटायचं कारण नाही.

खाऱ्या हवेचं काम इथेच जवळून दिसतं. टोपी उचलली की काचेवर चिकट, करडा थर असतो, मीठ आणि धूळ मिळून झालेला. दमट दिवशी वीज या थरावरून वाट काढते, म्हणून खोकं सूं सूं करतं आणि अंधारात टोपीभोवती जांभळट कड दिसते. पुष्कळदा यालाच ईएचटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर, गेला समजून नवा बसवतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोपीखालची काच आणि टोपी आतून पुसावी, पूर्ण सुकू द्यावी, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. काचेवरचा काळा लेप मात्र मळ समजून खरवडू नये, तो ट्यूबचाच भाग आहे.

चित्र मिटून मध्ये एकच आडवी पांढरी रेघ राहिली तर चित्र वर-खाली पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीच्या पायांशी ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला डाख, बघावा. वरचा भाग दुमडलेला दिसला तर त्याच भागातले कंडेन्सर सुकलेत. कडा लाटेसारख्या हलत असतील तर सप्लायचा मोठा कंडेन्सर. नवे घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा वरचे, आणि 105 डिग्रीचे. एकेक काढून लगेच त्याच जागी नवा लावत जावं. सगळे एकदम उपटले की अधिक-उण्याचा घोळ होतो आणि उलटा लागलेला कंडेन्सर फटाक्यासारखा उडतो. काचेवर जळून उमटलेली स्कोअरची पट्टी कशानेच जात नाही. तिच्यासाठी ट्यूब बदलू नये. त्या खोक्यावर कोणता गेम किती वर्षं चालला याची तेवढीच नोंद शिल्लक आहे.

बोर्डाची कड 1985च्या जपानी जामा पद्धतीची असते, म्हणजे कुठलाही बोर्ड कुठल्याही खोक्याला जोडता यावा म्हणून ठरवलेल्या मांडणीची. 56 टोकं, एका बाजूला 28. ही टोकं हिरवी पडतात. ती शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने घासावीत. पॉलिशपेपर लावला की सोन्याचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात तांबं उघडं पडतं. सातव्या जागी खाच असते. कनेक्टरमधली तिची पट्टी तुटली असेल तर आधी ती बसवावी, कारण उलटा लागलेला बोर्ड एका सेकंदात जातो. पाच व्होल्ट मोजायचे ते बोर्डाच्या कडेशी, एसएमपीएसजवळ, म्हणजे बोर्डाला वीज देणाऱ्या डब्याजवळ, नव्हे. गंजलेल्या वायरीत वाटेतच पाव व्होल्ट हरवतो. कडेशी 4.8 मिळाले की गेम मध्येच रीसेट होतो आणि दोष बिचाऱ्या बोर्डाला. 5 ते 5.1 ठेवावेत. जामाच्या कनेक्टरवर दोनच खेळाडूंची सोय असते. मुस्तफाच्या तिसऱ्या जॉयस्टिकला वेगळं सॉकेट असतं, ते शोधत बसावं लागतं.

पावसात अनवाणी पायाने जॉयस्टिक धरली की मुंग्या यायच्या, त्याचंही कारण साधं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कंडेन्सर लाइन आणि न्यूट्रलवरून डब्याच्या लोखंडी अंगाला जोडलेले असतात. भिंतीत अर्थिंग नसलं की खोक्याचं सगळं लोखंड मेनच्या निम्म्या व्होल्टवर तरंगतं. करंट थोडा, पण ओला पाय तो बरोबर ओळखतो. आत टीव्हीची चासी, म्हणजे घरच्या टीव्हीचंच सर्किट, असेल तर प्रकरण याहून वाईट, तिला थेट मेन असू शकतो. मग 200 व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि खरं अर्थिंग, दोन्ही हवं. मूळ रूपाचा हट्ट इथे सोडावा.

बटणांत फार काही नाही. मायक्रोस्विचला तीन टोकं, त्यांतली कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावर जुळणारं) वापरायची. जॉयस्टिकला खोबरेल लावू नका. कोकणात बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे तेच जातं, पण महिन्याभरात त्याचा चिकटा होतो आणि मुंग्या लागतात.

इतकं झालं तरी पुढचा मृग यायचाच आहे. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, कामांत, लाकडं-शेणी आत घेताना, खोक्याचंही नाव असावं. मागच्या झरोक्यांना बारीक जाळी, तळाला सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक झिरोचा बल्ब सतत चालू. बल्ब तारेचाच हवा. एलईडीचा झिरो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि इथे काम उबेचं आहे. दिवसाआड अर्धा तास गेम लावावा. ट्यूब तापली की आतला ओलावा निघतो, तापल्या धुळीचा वास घरभर होतो.

राहता राहिला रुपया. 1992 नंतरचा स्टीलचा रुपया 25 मिलीमीटरचा, 4.85 ग्रॅमचा. 2011 पासूनचा जवळजवळ 22 मिलीमीटरचा आणि 3.79 ग्रॅमचा. ज्या खोक्याला खरी कॉइनची फट आहे, तिथे नवा रुपया फटीतल्या स्विचची तार न हलवताच खाली घरंगळतो. तार वाकवून नव्या नाण्याला जुळवता येते, पण एकदा वाकवलेली तार पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. त्यापेक्षा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आठ-दहा जुने रुपये खोक्यावर ठेवून द्यावेत. गणपतीला मुंबईहून आलेली पोरं आधी गेमकडे बघतच नाहीत. तो मोठा रुपया उलटसुलट करून विचारतात, हा चालतो का अजून?