वाट माहेरवाशिणीला विचारावी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याचा मावसभाऊ, ऑफिसातली पोरं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी काका, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: बेळगावकडच्या खानापूरच्या त्या रानात दिवसभर एकटे चालता, तर वाट कशी सापडते? मोबाईलवर बघता काय?

बघतो की. पण जांबोटी सोडली की मोबाईल एकच गोष्ट दाखवतो, चोर्ल्यावरून गोव्याला उतरणारा डांबरी रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना नुसता हिरवा रंग. त्या हिरव्यात वाड्या आहेत, भाताची शिवारं आहेत, गवळ्यांची घरं आहेत. वाट मात्र एक काढलेली असेल तर शपथ. म्हणून विचारत जातो.

आणि विचारायचं कसं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. "ही वाट कणकुंबीला जाते का?" असं कधीही विचारू नये. "जाते की!" याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही. त्यात खोटं काही नसतं. दारात आलेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, एवढाच तो संकोच. "किती लांब?" हेही विचारू नये. "हे काय, इथंच," म्हणतात आणि ते 'इथंच' दोन तास संपत नाही. चहाच्या टपरीवरची मंडळी बस किती वाजता आहे ते सांगतात, कारण चालायचं सोडून त्यांना वीस वर्षं झाली. तरण्या पोरांना जिथनं मोटरसायकल जाते तेवढीच वाट ठाऊक. प्रश्न असा टाकायचा: "तुम्ही जाता तेव्हा कुठनं जाता?" आणि टाकायचा तो बाईमाणसाला. त्यातही जिचं माहेर त्या गावात आहे तिला. लग्न झाल्यापासून सणाला, बाळंतपणाला, भावाच्या पोराच्या बारशाला ती त्याच वाटेनं गेलेली असते. काखेत पोर, डोक्यावर गाठोडं आणि दिवस मावळायच्या आत पोचायची घाई. असल्या माणसाची वाट चुकत नाही.

भाषेचं विचाराल तर जांबोटीच्या वर कानडी पाटीवर असते, तोंडात मराठी, तीही जरा कोकणीकडं कललेली. खाली बैलहोंगल-सौंदत्तीकडं चालताना मात्र माझी शाळेतली कानडी बाहेर काढावी लागते. तिथलं पेटंट उत्तर "नेट्टग होगरी", म्हणजे सरळ जावा. त्या 'नेट्टग'वर विश्वास ठेवून मी एकदा उसात शिरलोय. पण ते राहू दे.

मागच्या पौषातली गोष्ट. पहिल्या बसनं जांबोटीला उतरलो आणि रस्ता सोडून आत शिरलो. मळण्या उरकल्या होत्या, खळ्याकडेला गवताच्या गंज्या रचलेल्या, शिवारात कापलेल्या भाताची खुटं पायाला टोचत होती. दहाच्या सुमाराला एका वाडीत साठीतली एक बाई अंगणात सुपानं पोहे पाखडत बसली होती. पाणी मागितलं. तांब्या दिला आणि म्हणाली, "कुठं जाऊलालाय?"

"कणकुंबीला, आक्का."

"चालत? बस चुकली काय?"

"बस नको होती."

यावर ती जरा वेळ माझ्या बुटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कणकुंबी माझं म्हायार की."

लॉटरीच लागली. मी मांडी घालून बसलो. तिनं सूप खाली ठेवलं आणि हातानं हवेत वाट काढून दाखवली. तीन बांध चढायचे. पुढं आंब्याखाली शेंदूर लावलेला धोंडा. तिथं दोन वाटा फुटतात. रुंद आहे ती धरायची नाही, ती गुरांची. बारकी धरायची. "अस्वल हाय, बोलत जावा," हेही वर. एकटा माणूस कुणाशी बोलणार, असं मी विचारलं नाही. मग आत जाऊन तिनं नव्या भाताचे दोनेक किलो पोहे कापडी पिशवीत बांधून आणले. भावाकडं द्यायचे. माउलीच्या देवळाच्या अलीकडं घर, दारात फणस. वाट फुकट सांगितली जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

आंबा सापडला, धोंडा सापडला. पण तो अर्धा तास लवकरच सापडला आणि शेंदूरही उडालेला वाटला, म्हणून मी ठरवलं, हा तिचा आंबा नव्हे. रुंद वाट धरली.

गुरांची वाट माणसाच्या वाटेसारखीच दिसते, फक्त खालून. माती तीच, झिजही तीच. फरक वर बघितल्यावर कळतो. माणसं चालतात तिथं डोक्याच्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या असतात, कुणीतरी कोयत्यानं सपकन् उडवलेल्या असतात. गुरं चालतात तिथं फांद्या छातीपर्यंत खाली येतात आणि तुम्ही वाकत वाकत जाता. शिवाय कोळ्याची जाळी तोंडावर बसायला लागली की समजावं, सकाळपासून इथनं कुणी माणूस गेलेला नाही. त्या दिवशी माझ्या चष्म्यावर निदान सहा जाळी बसली असतील. हे सगळं मला माहीत आहे, आणि तरी मी तासभर उतरत राहिलो. उतार गोड असतो हो.

खाली ओढा लागला. कडेला म्हशी लोळून चिखलाची डबकी झालेली, आणि वरच्या दगडावर एक गवळी म्हातारबा बसलेला. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालो, "ही मलप्रभेचीच वाहाळ ना?"

"हे पाणी गोव्याला जातंय," म्हातारबा म्हणाला.

एवढ्यात सगळा नकाशा कळला. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला वळते, 304 किलोमीटर चालून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, पुढं बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगराचा पलीकडला पाऊस म्हादईत उतरतो, गोव्यात तिला मांडवी म्हणतात, आणि तो अरबी समुद्रात जातो. मधली धार इतकी बोथट आहे की पायाला कळतच नाही. याच म्हादईच्या पाण्यावरून 2010 साली लवाद नेमला गेला, 2018 मध्ये निवाडा आला, आणि कर्नाटक-गोव्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. कणकुंबीला कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडं वळवायला खोदलेला कालवा दिसतो. मला त्या पाण्यानं एवढंच सांगितलं, की गड्या, तू डोंगराच्या चुकीच्या बाजूला उतरलास.

म्हातारबानं काठीनं वर दाखवलं. "धोंड्यापाशी परत जावा." म्हणजे तोच आंबा. चढताना पोह्याची पिशवी या हातातून त्या हातात करत शिव्या मात्र स्वतःलाच घातल्या. भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा त्या धोंड्यापाशीच बसून खाल्ला. जवळून बघितलं तर शेंदूर होता, धोंड्याच्या पाठीमागच्या अंगाला. बारकी वाट तिकडूनच सुटत होती. ती पुढं एकदाही चुकली नाही. अस्वलासाठी पाढे म्हणत गेलो, एकोणतीसचा अजून येतो.

कणकुंबीत पोचलो तेव्हा ऊन देवळाच्या शिखरावर गेलं होतं. दारातला फणस बघून हाक मारली. वहिनी बाहेर आल्या, पिशवी घेतली, हातात चहाचा कप दिला. चहा आधीच उकळून ठेवलेला होता.

"वन्संनी दुपारीच फोन केला," त्या म्हणाल्या. "एक माणूस येतोय, पोहे घेऊन. चारपर्यंत आला न्हाई तर ओढ्याकडं पोरगं पाठवा म्हणाल्या."

घड्याळात पाच वाजून गेले होते. पोरगं अजून परत आलं नव्हतं.