काळी एक, काळी चार

ज्येष्ठाचा शेवटचा आठवडा लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "ताई, यंदा गुरुपौर्णिमेला मी काय गाऊ?" शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, वह्यांना कव्हरंही घालून झालेली नसतात, पण मुलांना आमच्या कार्यक्रमाची यादी आधी हवी असते. मी वही काढते आणि पहिलं नाव लिहिते. ही वही आईने १९८६ साली सुरू केली. पहिल्या पानावर सात नावं आहेत आणि त्यातलं शेवटचं माझं आहे. तेव्हा मी पाच वर्षांची होते. 'दुर्गा, सरगम, एकदा अडली' अशी माझ्या नावापुढे आईच्या हातची नोंद आहे. दुर्गा हा राग, सरगम म्हणजे त्याचे नुसते स्वर गाणं.

आमचा वर्ग म्हणजे सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घराच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांचं व्हायोलिन, आतल्या खोलीत आईचं गाणं आणि मध्ये दाराला नुसता पडदा. एकाच वेळी दोन्ही वर्ग चालत. नवे पालक विचारत, एकमेकांचा त्रास होत नाही का? होत नसे, आणि त्यामागे हिशेब होता. बाबांच्या वर्गातली व्हायोलिनं काळी एकच्या पट्टीत लावलेली असत, आईच्या वर्गातल्या मुली काळी चारमध्ये गात. म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा बाबांचा षड्ज, 'सा', आणि चौथी काळी पट्टी हा आईचा. काळी एकचा पंचम, 'प', म्हणजेच काळी चार. बाहेरच्या खोलीतला पंचम पडद्यातून आत येईपर्यंत षड्ज झालेला असे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आईवडिलांचे स्वर असे जुळवून ठेवलेले असतात.

वर्षभर या दोन खोल्या वेगवेगळ्या चालायच्या. पडदा निघायचा तो फक्त गुरुपौर्णिमेला. आदल्या रात्री बाबा स्टुलावर चढून तो काढत, आई त्याची घडी करी, आणि मग जाजम एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग अंथरलं जाई. दोन्ही वर्गांची मुलं वर्षात त्या एकाच दिवशी एकमेकांना पूर्ण ऐकत.

आषाढातला कार्यक्रम म्हणजे वाद्यांची परीक्षा. हवेत ओल आली की लाकूड फुगतं, व्हायोलिनच्या खुंट्या जाम बसतात, आणि जोर करून फिरवली की एकदम सुटून तार पार उतरते. बाबा खुंटी बाहेर काढत, तिच्यावर पांढरा खडू हलका फिरवत, पुन्हा आत दाबत आणि कान लाकडाजवळ नेऊन फिरवून बघत. गजाचे, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या दांडीचे, केसही पावसाळ्यात ओल धरून लांबतात. कितीही ताणा, ते ढिलेच वाटतात, मग राळ जास्त लावावी लागते. कार्यक्रमाच्या सकाळी बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस व्हायोलिनं ओळीने ठेवलेली असत. पाव साईजचं सगळ्यात पुढे, मग अर्धं, पाऊण आणि मागे पूर्ण. बाबा दाराकडून सुरुवात करून एकेक लावत यायचे. शेवटचं लावून होईस्तोवर पहिलं उतरलेलं असे. ते शांतपणे पुन्हा पहिल्याकडे जात. त्यांनी कंटाळून हात झटकलेला मी एकदाही पाहिला नाही.

आईचे दोन्ही तंबोरे मिरजेचे. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ती बातमी तिने दोनदा मोठ्याने वाचून घेतली. कार्यक्रमाआधी जवारीचा, म्हणजे तार घुमायला लावणारा, दोरा ती स्वतः सरकवत असे. तारेखाली सुती दोरा नखाने केसभर पुढे न्यायचा, तार छेडायची, पुन्हा केसभर मागे. जवारी बोलली की खोलीतली बडबड आपोआप थांबायची. कोणाला गप्प बसा म्हणावं लागत नसे.

सरस्वतीच्या तसबिरीशेजारी आमच्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची तसबीर असते. हार घालून झाला की आई मुलांना त्यांची गोष्ट सांगते. कुरुंदवाड म्हणजे आमच्या मुलांना जवळचं गाव, कोणाचे तरी आजी-आजोबा तिथे असतातच. त्या गावात १८७२ साली जन्मलेल्या मुलाचे डोळे फटाक्याने जायबंदी झाले, तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला आणि पुढे ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला जाऊन त्याने गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाड ते लाहोर हे अंतर ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. मला ही गोष्ट तोंडपाठ आहे, आणि तरीही दर वर्षी ती आईच्याच तोंडून ऐकावीशी वाटते.

क्रम ठरवण्यात आईचा कटाक्ष रागसमयावर. सकाळी आठला अहिर भैरव, तोडी, दुपारी वृंदावनी सारंग, मग भीमपलास, दिवेलागणीनंतर यमन. मल्हार मात्र ऋतूचा म्हणून कुठेही बसे. यात अडचण व्हायची सगळ्यात लहान मुलांची. त्यांना पहिल्या वर्षी येतो भूप, आणि भूप तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. मग सहा-सात वर्षांची ती मुलं सकाळपासून नवे कपडे घालून, भडंग खाऊन, पेढे खाऊन, आपल्या पाळीची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबायची. त्यातली दोन-तीन जाजमावरच झोपून जात. त्यांना उठवून, तोंडावरून ओला हात फिरवून तंबोऱ्यापुढे बसवायचं काम माझ्याकडे असे. झोपेतून उठलेल्या मुलाचा पहिला षड्ज इतका स्वच्छ का लागतो मला ठाऊक नाही, पण तो लागतो. पुढे आईने या मुलांसाठी बिलावलची एक सोपी सरगम बसवली आणि ती सकाळी गाऊ लागली. पालकांची सोय झाली. मला त्या संध्याकाळच्या भूपाची आठवण येते.

बाबांचा नियम वेगळा होता. जो वाजवणार, त्याने आधी ती बंदिश गायची. व्हायोलिन मांडीजवळ ठेवायचं, स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, म्हणायचे आणि मगच गज उचलायचा. आवाज कसा का असेना, गळ्यातून गेल्याशिवाय बोटांत येणार नाही, हे त्यांचं म्हणणं ठाम होतं. गाणं आणि व्हायोलिन दोन्हींवर सारखी हुकमत असलेले पं. गजाननबुवा जोशी हे त्यांचं दैवत. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात, त्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकतं आणि दुसरं टोक छातीशी, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, काढता येते. ही मींड गळ्याची नक्कल आहे, असं ते शिकवत. म्हणून आमच्या कार्यक्रमात चौदा-पंधरा वर्षांची मुलं, एरवी लोकांसमोर तोंड न उघडणारी, व्हायोलिनच्या आधी दोन मिनिटं गात. आईच्या वर्गातल्या मुली त्यांच्याकडे बघत बसत, आणि त्या बघण्यात टिंगल नसे. ती मुलं किती घाबरलीत हे त्यांना आपल्या अनुभवाने माहीत असे.

एक वर्ष मात्र मनातून जात नाही. आईकडे शिकणारा एक मुलगा होता, वर्गातला सगळ्यात गोड आवाज. त्या वर्षी तो तेरा पूर्ण करून चौदाव्यात गेलेला. आवाज फुटायला लागला होता, पण त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. घरी हळू आवाजात रियाज करायचा. गौड मल्हार गात होता, बाबा साथीला. अंतऱ्यात तार षड्जावर, वरच्या 'सा'वर, गेला आणि आवाज दुभंगला. आधी घोगरा, मग काहीच नाही. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा तेच. तबला चालू होता. खोलीत सत्तर-ऐंशी माणसं होती आणि बाहेर पत्र्यावर पाऊस.

बाबा साथीत नेहमी गाणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे असायचे. त्या क्षणी ते पुढे आले. त्याने जिथे सोडला होता तिथेच त्यांनी तार षड्ज उचलला, तो पूर्ण भरून ठेवला, तिथून अंतऱ्याची उरलेली ओळ वाजवत पंचमापर्यंत उतरले आणि पंचमावर गज लांब ओढत थांबले. मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. पंचम त्याच्या आवाजात होता. त्याने तो धरला, आणि दोघं मिळून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले. नंतर चार आवर्तनं तो मध्य सप्तकातच फिरला. वरचं सगळं बाबांनी वाजवलं. समोरच्या निम्म्या लोकांना वाटलं, ही जुगलबंदी आधीच ठरलेली होती.

पुढच्या सोमवारी आईने त्याची पट्टी उतरवली, खर्जाचा, खालच्या स्वरांचा, रियाज दिला आणि दोन वर्षं चढं गायचं नाही अशी ताकीद दिली. बाबांनी कोपऱ्यातलं पाऊण साईजचं व्हायोलिन त्याच्या हातात ठेवलं. "गळा विसाव्याला गेलाय, तोवर याच्यावर गा," एवढंच म्हणाले. वयात येणाऱ्या मुलांचं गाणं याच वयात सुटतं, बहुतेकांचं कायमचं. आवाज जातो, मग वर्गात यायची लाज वाटते, मग दहावी येते. आमच्या घरात दोन खोल्या होत्या म्हणून तो नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला. आज तो बाहेरगावी नोकरी करतो आणि गुरुपौर्णिमेला रजा टाकून येतो. गातो आणि वाजवतो, दोन्ही.

रात्री नऊ-साडेनऊला शेवटची बारी आई-बाबांची. मुलं दिवसभर दमलेली असली तरी या वेळी कोणी उठत नसे, कारण सुरुवातीला बाबा सगळ्यांसमोर तारांचे स्वर बदलत. त्यांचं व्हायोलिन काळी एकला 'प सा प सा' असं लावलेलं. आईच्या तंबोऱ्यावर काळी चार वाजत असे. पंचमाच्या दोन तारांना ते हात लावत नसत, त्या आपोआप आईचा षड्ज होत्या. षड्जाच्या दोन तारा मात्र एकेक स्वर चढवून रिषभावर, 'रे'वर, न्यायच्या, की तो आईचा पंचम. 'प सा प सा'चं 'सा प सा प' झालं. मुलं श्वास रोखून बघत, कारण पावसाळ्यात तार चढवताना तुटायची भीती. एका वर्षी बारीक तार तुटलीच. बाबांनी ती बाजूला सारली आणि सगळी भैरवी तीन तारांवर वाजवली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. गुरुपौर्णिमा पार पडून तीनच आठवडे झाले होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभाग पाण्यात गेला. व्हायोलिनं आम्ही माळ्यावर टाकली, एक तंबोरा वर गेला, दुसरा न्यायला वेळच मिळाला नाही. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा पेटीचा भाता चिखलाने भरला होता आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याचा सांधा उकलला होता. वहीची पानं एकमेकांना चिकटली होती. आईने ती सावलीत, पंख्याखाली, एकेक पान सुटं करत पंधरा दिवस वाळवली. शाई पसरलीय, पण नावं वाचता येतात. तंबोरा मिरजेच्या कारागिरांनी पुन्हा उभा केला.

२०२० ला सगळ्यांसारखं आम्हीही मोबाईलच्या पडद्यावर जमलो. एकेकट्याचं गाणं ऐकू येई, पण साथ होईना. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात सम निघून जाते. बाबा गज हातात धरून नुसते ऐकत बसले.

आणि २०२१. गुरुपौर्णिमा २४ जुलैला होती. २३ ला पाणी पुन्हा चढायला लागलं. या वेळी दोन्ही तंबोरे, वही, सगळं वेळेत माळ्यावर गेलं आणि आम्ही एक व्हायोलिन घेऊन विश्रामबागेत मामाच्या घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. जवळपास राहणारी आमची चार मुलं, मास्क लावून, छत्र्या घेऊन उभी. एकीच्या हातात तिच्या आईने दिलेला डब्यातला शिरा होता. मामाच्या दिवाणखान्यात मोबाईलवर तंबोरा लावला, पलुस्करांची तसबीर नव्हती म्हणून आईने नुसतं नाव घेऊन नमस्कार केला, आणि कुरुंदवाड ते लाहोर ही गोष्ट त्याही दिवशी सांगितली. चौघांचं गाणं झाल्यावर मुलं म्हणाली, "आता तुम्ही दोघं." आई नको म्हणत होती. चार दिवस झोप नव्हती, घसा धरलेला. बाबांनी उत्तर न देता खुंट्यांना हात घातला. त्या दिवशीच्या नोंदीसाठी वही हाताशी नव्हती. पाणी उतरल्यावर घरी येऊन आईने लिहिलं: 'मियाँ मल्हार. श्रोते ९. पाणी ५४ फूट.'

आता आतल्या खोलीत मी शिकवते, बाहेर माझा भाऊ. फी, परीक्षांचे अर्ज, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरची धावपळ वहिनी सांभाळते. आई-बाबा दुपारी एकेक तास बसतात. पडदा अजून बाबाच काढतात, फक्त भाऊ स्टूल धरून उभा राहतो.

गेल्या वर्षी वहीत एकेचाळीस नावं झाली. रात्री आई गायला बसली. दोन-तीन वर्षं तिला काळी चार जड जात होती, ते मला कळत होतं आणि तिला सांगवत नव्हतं. तिने तंबोरा लावायला घेतला आणि स्वतःच काळी तीनवर आणून ठेवला. बाबांनी तो ऐकला. त्यांचा हात नेहमीच्या सवयीने षड्जाच्या खुंटीकडे गेला, तिथे थांबला, आणि त्यांनी तो काढून घेतला. मग पंचमाच्या तारा एकेक स्वर उतरवून मध्यमावर, 'म'वर, आणल्या. तो आईचा नवा षड्ज. त्यांच्या षड्जाच्या तारा जागच्या जागी राहिल्या, आता त्याच आईचा पंचम होत्या. समोर बसलेल्या एका मुलीने शेजारणीला कोपर मारून हळूच विचारलं, "आज सर दुसऱ्याच खुंट्या का फिरवतायत?"

बाबांनी ते ऐकलं. "यंदा माझा सा तिचा पंचम झाला," ते तिला म्हणाले आणि गज तारेवर ठेवला.