तुम्ही विचारलंत म्हणून: तो पांढुरका सीगल ओळखायचा कसा?

हिवाळ्यात मी फोटो टाकले की हा प्रश्न येतोच. "सगळे सीगल सारखेच तर दिसतात, मग हा आइसलँड गल आहे हे कशावरून सांगता? आणि आइसलँडचा आहे तर कॅनडात काय करतोय?" दर वेळी तुटक तुटक उत्तर देते, आज नीट बसून लिहिते.

दुसरा प्रश्न आधी घेते. नावात आइसलँड असलं तरी हा कुरव (सीगलला मराठीत कुरव म्हणतात) तिथे घरटं करतच नाही, तिथला तो हिवाळ्याचा पाहुणा. त्याची वीण होते ग्रीनलंडच्या समुद्रकड्यांवर, आणि त्याची कुमलीन नावाची उपजात कॅनडात, बाफिन बेटावर आणि क्विबेकच्या पार उत्तरेला. पिल्लं उडती झाली, थंडी वाढून समुद्र गोठायला लागला की दक्षिणेकडे सरकतात. ग्रीनलंडवाले बरेचसे दक्षिण ग्रीनलंडमध्येच थांबतात, बाकीचे आइसलँड, फेरो बेटं, थोडे स्कॉटलंड आयर्लंडपर्यंत. कुमलीनवाले न्यूफाउंडलंड, नोव्हा स्कोशिया आणि तिथून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडकडे. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स शहरात क्विडी विडी नावाचं तळं आहे, तिथे भर थंडीत हे शेकड्यांनी बर्फावर बसलेले असतात, माझे बहुतेक फोटो तिथलेच. एप्रिलनंतर गर्दी ओसरते.

आता ओळखायचं कसं ते. सगळे आधी रंग बघतात, मीही तेच करायचे. एका मार्चमध्ये एक जवळजवळ पांढराशुभ्र पक्षी दिसला, मी आनंदाने आइसलँड गल म्हणून नोंदवून टाकला, आणि घरी येऊन फोटो मोठा करून बघते तर जाड लांब चोच, चपटं कपाळ, पंखाखाली अजून तपकिरी राहिलेली पिसं, म्हणजे ऊन वारा खाऊन विटलेला साधा हेरिंग गल! पिसातलं गडद रंगद्रव्य, मेलॅनिन, पिसाला मजबुतीही देतं, ते कमी असलं की पीस लवकर झिजतं आणि उडतं. त्यामुळे हिवाळा सरता सरता पहिल्या वर्षाचे बरेच कुरव फिके पडलेले असतात. तेव्हापासून मी रंगाच्या आधी अंगाची ठेवण बघते.

पक्षी बाजूने उभा असेल तर शेपटीच्या पुढे पंखांची टोकं किती येतात ते बघा. आइसलँड गलची चांगली लांब येतात, साधारण त्याच्या चोचीच्या लांबीपेक्षा जास्त, म्हणून मागची बाजू निमुळती दिसते. त्याचा मोठा भाऊ म्हणावा असा ग्लॉकस गल, तोही असाच पांढुरका, पण त्याची टोकं आखूड, अंग भारी आणि चोच दणकट. मात्र शरद ऋतूत पूर्ण वाढ झालेले पक्षी पिसं बदलत असतात, टोकं पूर्ण वाढलेली नसतात, तेव्हा ही खूण धरून बसू नका. नुसत्या आकारावरही जाऊ नका, कारण ग्लॉकसची लहान मादी आणि आइसलँडचा मोठा नर यांत फारसा फरक उरत नाही.

मग डोकं. आइसलँड गलचं डोकं गोल, चोच छोटी, चेहरा कबुतरासारखा शांत, ग्लॉकसची नजर मात्र करडी वाटते. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांची चोच तर मला सगळ्यात जास्त आवडते बघायला. ग्लॉकसची गुलाबी, आणि टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं, मधली रेघ एकदम स्पष्ट. आइसलँडची जवळजवळ सगळीच काळपट, मुळाशी थोडी फिकी होत जाते, रेघ अशी नसतेच. मागे एक पिल्लू माझ्यापासून दहाएक पावलांवर बर्फावर बसलं होतं, अंग फिक्या दुधाळ चहाच्या रंगाचं आणि त्यावर इतकी बारीक तपकिरी नक्षी की दुर्बीण खाली ठेवून नुसती बघत राहिले.

खरी कसोटी कुमलीनच्या पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांची. ग्रीनलंडवाल्यांच्या पंखांची टोकं पांढरी, पण कुमलीनमध्ये एकाची पांढरी, शेजारच्याची फिकट राखाडी, तिसऱ्याची गडद, आणि गडदवाले मग थेअर गलसारखे दिसायला लागतात. थेअर गल १९७३ पासून पक्ष्यांच्या अधिकृत अमेरिकन यादीत वेगळी जात होती, २०१७ मध्ये ती आइसलँड गलमध्येच सामील केली. मला तो निर्णय पटतो. एका थव्यात पांढऱ्यापासून गडदपर्यंत सगळ्या छटा सलग बसलेल्या बघितल्या की मध्ये रेघ नक्की कुठे ओढायची तेच कळत नाही.

तर पुढच्या वेळी मला फोटो पाठवाल तेव्हा एक पंख मिटून बाजूने उभा असलेला पाठवा, एक उडतानाचा पंख पसरलेला, आणि तारीख लिहाच, कारण नोव्हेंबरचा पांढरा पक्षी आणि एप्रिलचा पांढरा पक्षी यांचं उत्तर वेगळं असू शकतं.