आमची वाटचाल: आधी घरचं, मग बियाणं, मग आमचा माल

डोंगरात फूड प्रोसेसिंगचं युनिट चालवतो म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात की माल एकदम मिळतो का. नाही मिळत. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, त्यामुळे खालच्या गावात मळणी उरकते तेव्हा वरच्या गावात पीक अजून हिरवंच असतं, त्यात शेतं छोटी, उतारावर बांध घालून केलेली, प्रत्येकाकडे थोडं थोडं. एकट्या शेतकऱ्याला गाडी परवडत नाही आणि मोठा खरेदीदार म्हणतो ट्रकभर असेल तर बोला.

सुरुवातीला आमचं काम एवढंच होतं की गावोगावचा माल एकत्र करायचा आणि खाली पाठवायचा. मग एका बैठकीत वरच्या गावातल्या एक मावशी म्हणाल्या, सगळं तुम्हालाच दिलं आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला तर आम्ही खायचं काय? त्या प्रश्नावर बैठक रात्रीपर्यंत चालली आणि तिथेच आमचा नियम ठरला जो आजही तसाच आहे, प्रत्येक घराने आधी वर्षाचं खाण्याचं बाजूला काढायचं, मग बियाणं, आणि उरेल तेवढंच आम्ही घ्यायचं. भावही पेरणीआधी सगळ्यांसमोर ठरतो आणि थोडा अ‍ॅडव्हान्स तेव्हाच देतो, म्हणजे पैशाच्या अडचणीपायी कुणाला घरचं धान्य विकावं लागत नाही.

बियाण्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. जगाचं ८० टक्के अन्न ज्या २० पिकांतून येतं त्यातली सहा मुळात डोंगरातली, मका, बटाटा, बार्ली, ज्वारी, टोमॅटो, सफरचंद. त्या त्या उंचीला जुळवून घेतलेलं वाण एकदा गेलं की दुकानात मिळत नाही! पेरू देशात पिसाकजवळ तिथल्या डोंगरातल्या मूळ रहिवासी केचुआ लोकांच्या गावांनी मिळून बटाट्याची शेकडो वाणं शेतातच जपलीत, आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून केंद्राकडे साठवलेली जुनी वाणं परत आपल्या शेतात आणली. ते वाचून आम्हीही गावांची बियाणं बँक सुरू केली, एक माप न्यायचं, हंगामानंतर दीड माप परत द्यायचं. हिशोब गावच ठेवतं, आमचा त्यात काही अधिकार नाही आणि नसावाच.

सुकवणीचं शेड सामाईक आहे, तिथल्या बायका मॉइश्चर मीटरने ओलावा बघतात, धान्य १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोत्यात जात नाही, नाहीतर बुरशी धरते. प्रतवारीही वरच होते म्हणजे मजुरी गावातच राहते आणि कोंडा-कचरा गुरांना जातो, खाली गाडीने फक्त तयार माल येतो. सेंद्रियचं महागडं सर्टिफिकेट छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही म्हणून आम्ही सहभागी हमी पद्धत घेतली, त्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

यंदा अजून दोन गावं येतायत. त्यांची बैठक झाली की किती माल उरणार ते कळेल, त्यामुळे घाऊक ऑर्डर त्यानंतरच घेऊ.